रात्री दोन वाजता कूस कोणी बदलायची?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला जी जखम होते तिला वैद्यकीय मराठीत शय्याव्रण म्हणतात, आणि वॉर्डात सिस्टरपासून मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तिचे नाव 'बेडसोर' असते. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत, कारण ही जखम बिछान्यामुळे होत नाही, दाबामुळे होते. ती दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसून राहणाऱ्याला होते, प्लास्टरच्या कडेखाली होते आणि नाकावर घट्ट बसवलेल्या ऑक्सिजनच्या मास्कखालीही होते. वरून हाड आणि खालून गादी अशा चिमटीत सापडलेल्या मांसातल्या केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, दबून बंद होतात, तिथल्या पेशींना रक्त मिळेनासे होते आणि काही तासांत त्या मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत राहतो, म्हणून त्याला हा त्रास होत नाही. अर्धांगवायूचा झटका आलेला, बेशुद्ध, मणका मोडलेला किंवा भूल दिलेला रुग्ण मात्र ती कूस बदलू शकत नाही आणि पुष्कळदा दुखते आहे असे सांगूही शकत नाही.

दाबाच्या जोडीला आणखी एक बळ काम करते, ज्याकडे वॉर्डात सहसा लक्ष जात नाही. पलंगाचे डोके वर उचलले की रुग्ण हळूहळू पायाकडे घसरतो. त्याची कातडी चादरीला धरून जागीच राहते, पण आतले हाड खाली सरकते आणि मधले मांस दोन बाजूंनी ओढले जाऊन त्यातल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. या ओढीला कातरताण म्हणता येईल. नुकसान पुष्कळदा हाडाजवळ, खोलवर सुरू होते आणि कातडीवर शेवटी दिसते, अशा वेळी वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी पोकळ निघते. पहिल्या पायरीवर कातडी अखंड असते, पण दाबली तरी तिची लाली जात नाही. दुसऱ्या पायरीवर वरचा थर सोलतो, तिसऱ्या पायरीवर जखम चरबीपर्यंत पोचते आणि चौथ्यावर स्नायू किंवा हाड उघडे पडते. पहिल्या पायरीवर दाब काढला तर कातडी बहुधा सावरते. चौथ्या पायरीची जखम भरायला महिने लागतात, आणि तिच्यातून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग जीव घेऊ शकतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती आपल्याकडच्या रुग्णांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. पाठ्यपुस्तकांतली लालीची चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती लाली सहसा दिसत नाही, फार तर तेवढा भाग शेजारच्या कातडीपेक्षा जांभळट किंवा अधिक काळपट वाटतो. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा लागतो. तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड लागतो का, कणकेसारखा मऊ किंवा उलट टणक झाला आहे का, तिथे हात लावताच रुग्ण कण्हतो का, हे पाहावे लागते, आणि ते पाहायला पाठ रोज उघडावी लागते.

या जखमेचा दोष कोणाचा, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मोठे मज्जातंतुतज्ज्ञ झाँ-मार्तां शार्को यांचे मत असे होते, की मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचे पोषणच थांबते आणि व्रण अटळ होतो. त्यांच्या आधीच शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले होते, की लुळ्या पडलेल्या प्राण्याला दाबापासून दूर आणि स्वच्छ ठेवले तर व्रण होत नाही. तरीही शार्को यांच्या वजनदार नावामुळे अटळपणाची समजूत पुष्कळ काळ टिकली. त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी उलट टोक गाठून अशा जखमेचा ठपका रोगावर नव्हे तर शुश्रूषेवर ठेवला. त्यांचे म्हणणे त्या काळी मोलाचे होते, कारण त्यामुळे जखम टाळता येते हे मान्य झाले. पण आजच्या रुग्णालयात ते अर्धेच खरे आहे. वॉर्डात किती गाद्या आहेत, रात्री किती माणसे आहेत, जास्तीच्या चादरी कुलपात आहेत की हाताशी, यांतले काहीही परिचारिका ठरवत नाही. जे तिने ठरवलेले नाही त्याचा जाब एकट्या तिला विचारणे अन्यायाचे आहे, आणि त्याने जखमही टळत नाही.

हा पेच व्यवस्थेच्या पातळीवर कसा सोडवता येतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर अशा सैनिकांपैकी बहुतेक जण शय्याव्रणाच्या आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असत. गुटमन यांनी नवे औषध शोधले नाही. त्यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला, त्यासाठी सेवकांची स्वतंत्र तुकडी नेमली आणि ते काम होते आहे की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. त्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये सुरू झालेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले, आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पोहण्यातले पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले सैनिक होते. मणका मोडलेला माणूस पोहण्याच्या तलावापर्यंत पोचायचा तर आधी त्याची पाठ शाबूत राहावी लागते, आणि ती शाबूत ठेवायला रात्री दोन वाजता कोणीतरी उठावे लागते.

ही इंग्लंडची गोष्ट झाली; इथे सोलापूरकरांना मणक्याच्या जखमांची ओळख वेगळ्या वाटेने झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि वाचलेल्या जखमींपैकी अनेकांना सोलापुरात आणले गेले. सोलापूरचे स्थानच असे आहे, की संकट शेजारच्या जिल्ह्यात आले तरी रुग्ण इथे येतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला शहरात सगळे 'सिव्हिल' म्हणतात, ते सोलापूर जिल्ह्याबरोबर धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी या भागांचाही आधार आहे. सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली अश्विनी आणि मार्कंडेय ही रुग्णालयेही या शहराचे वैशिष्ट्य आहेत. अक्कलकोट, सांगोला, तुळजापूर किंवा इंडीहून रुग्ण येतो तो आधीच काही तास रुग्णवाहिकेच्या कडक स्ट्रेचरवर पडलेला असतो आणि पुष्कळदा त्याआधी घरी किंवा दुसऱ्या दवाखान्यात काही दिवस काढून आलेला असतो. म्हणजे वॉर्डाचे काम सुरू होण्याआधीच दाबाचे घड्याळ सुरू झालेले असते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. पारा चाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा रेक्झिनच्या गादीवर पाठीखाली घाम साचतो, ओली कातडी मऊ पडते आणि चादरीच्या घर्षणाने लवकर सोलते. इथल्या एप्रिल-मे महिन्यांत रेक्झिनवर जाड सुती चादर हवी आणि ती दिवसातून एकदा नव्हे, भिजेल तेव्हा बदलायला हवी; यासाठी धुलाईगृहाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलावे लागते, आणि ते बदलण्याचा अधिकार वॉर्डातल्या कोणाकडेही नसतो.

संस्थेचा पाठिंबा म्हणजे नेमके काय, हे हिशोबात मांडले की स्पष्ट होते. उदाहरणादाखल ४० खाटांचा एक मेडिसिन वॉर्ड धरला आणि त्यात स्वतःहून न हलणारे ८ रुग्ण धरले, तर दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे एका रुग्णाची दिवसात १२ वेळा आणि आठ जणांची मिळून ९६ वेळा बदलावी लागते. काम नीट करायचे तर दोन माणसे आणि किमान पाच मिनिटे लागतात. म्हणजे एकूण ९६० मिनिटे, सोळा तास, दोन माणसांची पूर्ण पाळी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ३२ वेळा हे काम येते, आणि वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी असतील तर त्या दोघींचे प्रत्येकी २ तास ४० मिनिटे यातच जातात; सलाइन, इंजेक्शने, नव्याने दाखल होणारे रुग्ण आणि एखादा अत्यवस्थ रुग्ण हे सगळे उरलेल्या वेळात बसवायचे. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी ३ रुग्णांमागे १ परिचारिका असे प्रमाण सुचवले आहे. ते प्रमाण जिथे गाठलेले नाही तिथे भिंतीवर 'दर दोन तासांनी कूस बदला' असा फलक लावून काही साधत नाही. तो फलक वाचायलाही कोणाला सवड नसते.

याच हिशोबात गादीची जागा येते. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की दाट फोमच्या चांगल्या गादीवर असलेल्या, मध्यम आणि जास्त धोक्याच्या वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली तरी व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: वरच्या उदाहरणात दोनऐवजी चार तासांचे अंतर ज्यांना चालेल त्यांच्यापुरते सोळा तासांचे काम आठ तासांवर येते. म्हणून गादीची खरेदी हा मनुष्यबळाचाच निर्णय आहे, आणि तो भांडार विभागाने केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेवर घेऊ नये, त्यात परिसेविकेचा, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरचा, शब्द असावा.

गाद्यांच्या बाबतीत आपल्याकडे खरेदीचा उत्साह असतो, निगेचा नसतो. ज्या गादीच्या नळ्यांत पंपाने आळीपाळीने हवा भरली आणि सोडली जाते तिला वॉर्डात 'अल्फा बेड' म्हणतात. तिचा पंप पलंगाच्या पायाशी टांगलेला असतो, त्यावर रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवायचे बटण असते आणि ते बटण आधीच्या रुग्णासाठी जिथे ठेवले तिथेच राहते. नळी पलंगाच्या दांड्यात अडकून मुडपते, प्लग दुसऱ्या यंत्रासाठी काढला जातो, आणि गादी बसून जाते तरी रुग्ण 'अल्फा बेडवर आहे' अशी नोंद चालू राहते. गादी काम करते आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: तळहात वर करून, बोटे सरळ ठेवून हात हवेच्या गादीखाली, रुग्णाच्या माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवायचा; हाताला हाड टेकल्यासारखे लागले तर गादी निकामी आहे, किमान इंचभर हवेचा थर मध्ये जाणवला पाहिजे. 'वॉटर बेड'ची गोष्ट उलट, तो काठोकाठ भरला की फळीसारखा कडक होतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला हा हात घालणे हे कोणाचे काम, हे लिहून ठरवलेले असावे.

कोणावर जास्त लक्ष द्यायचे हे ठरवण्यासाठी मोजपट्ट्या आहेत. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने १९६२ साली वृद्धांसाठी पहिली तयार केली; आज जास्त वापरली जाणारी ब्रेडन मोजपट्टी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची, १९८७ ची. संवेदना, ओलावा, हालचाल, स्थिती बदलण्याची ताकद, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देऊन बेरीज ६ ते २३ मध्ये येते आणि १८ किंवा त्याखाली आली की रुग्ण धोक्यात समजायचा. मोजपट्टीचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा कमी गुण आले की आपोआप काही घडते: गादी मिळते, आहारतज्ज्ञाला निरोप जातो, रात्रीच्या यादीत नाव येते. नुसता आकडा कागदावर भरून घेणे म्हणजे सिस्टरच्या कामात आणखी एका रकान्याची भर घालणे.

प्रत्यक्ष कूस बदलण्यातही कसब आहे. सिस्टर आणि मावशी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला "काका, आता कुशीवर घेतोय" असे सांगतात, लघवीच्या नळीची पिशवी आधी त्या बाजूला घेतात, पलीकडचा गुडघा दुमडतात आणि एक हात खांद्यावर, एक हात कमरेवर ठेवून रुग्णाला स्वतःकडे आणतात. पाठ उघडी होते तो क्षण फार महत्त्वाचा. तेव्हाच माकडहाड आणि खुबे पाहायचे, हात लावायचा. रुग्णाला पूर्ण कुशीवर टाकले तर सारे वजन खुब्याच्या हाडावर येते, म्हणून पाठीमागे उशी लावून सुमारे तीस अंशांवर तिरके ठेवायचे, इतके की माकडहाडाखालून तळहात सहज सरकावा; दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली घडी अशी की टाचा हवेत राहतील. सोलापुरी चादरीची जाड घडी या कामी उत्तम आहे, वर मऊ सुती कापड घातले म्हणजे झाले. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचे नाही, अंगाखालच्या चादरीच्या दोन्ही कडा दोघींनी गुंडाळून उचलायचे. काही जुन्या सवयी मात्र सोडायला हव्यात: लाल झालेल्या हाडावर स्पिरिट-पावडर लावून जोरात चोळणे, माकडहाडाखाली हवेची रिंग ठेवणे, टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवणे. चोळल्याने आतल्या दुखावलेल्या पेशी फाटतात आणि रिंगेची कड भोवतीचा रक्तपुरवठा तोडते. हे शिकवायला वर्षातून एकदा भाषण पुरत नाही, नव्या माणसाच्या हाताला धरून वॉर्डातच दाखवावे लागते, आणि मावशी व वॉर्डबॉय यांना त्यातून वगळता येत नाही, कारण उचलण्याचे निम्मे काम तेच करतात.

भारतीय वॉर्डात हातांची आणखी एक जोडी असते, नातेवाइकांची. ते हात शिकवल्याशिवाय वापरणे धोक्याचे, आणि शिकवायचे तर त्यांच्या भाषेत. सोलापुरात एकाच वॉर्डात पूर्व भागातल्या विणकर घरातली तेलुगू बोलणारी आजी, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी बाई, उर्दू बोलणारा यंत्रमाग कामगार आणि मंगळवेढ्याचा मराठी शेतकरी शेजारी-शेजारी असतात. पलंगाशी टांगायचा तक्ता घड्याळाच्या चित्रांचा असावा, डावी कूस, पाठ आणि उजवी कूस यांची साधी चित्रे असावीत आणि खाली चारही भाषांत चार शब्द असावेत. सकाळी थांबलेली सून जाते आणि रात्री मुलगा येतो तेव्हा शिकवलेले तिच्याबरोबर घरी जाते. तक्ता मात्र जागेवर राहतो. एवढे करूनही नातेवाईक हा मदतनीसच राहतो, त्याच्या नसण्यामुळे कूस बदलली गेली नाही हे कारण चालू नये, कारण एकट्या, बेवारस आणल्या गेलेल्या रुग्णालाही पाठ असते.

आहाराविषयी थोडक्यात. धोक्यातल्या प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६३ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात तितकीच असतात, तेव्हा पातळ वरण-भाताच्या ताटाने ही गरज भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.

मोजणीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या निकषांत, दाखल झाल्यावर नव्याने झालेले शय्याव्रण दर १००० रुग्णदिवसांमागे मोजण्याचा निर्देशांक आहे. रुग्णदिवस म्हणजे एक रुग्ण एक दिवस खाटेवर असणे. मोजणी प्रामाणिकपणे सुरू केली की पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढतो, कारण पूर्वी न दिसलेले दिसू लागते, आणि नेमक्या याच वेळी प्रशासनाची परीक्षा असते. त्या आकड्यावरून सिस्टरला कारणे दाखवा नोटीस गेली तर पुढच्या महिन्यात आकडा उतरतो आणि जखमा तेवढ्याच राहतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २००८ पासून सरकारी विमा योजनेने रुग्णालयात झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या व्रणाचा जादा खर्च देणे थांबवले. तिथे निदान भुर्दंड संस्थेवर पडला, व्यक्तीवर नाही. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते, आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत रुग्णालयाला उपचारानुसार ठरावीक रक्कम मिळते. व्रणामुळे रुग्णाचा मुक्काम लांबला तर ती ठरावीक रक्कम पुरत नाही, म्हणून चांगली गादी आणि रात्रीचा एक जादा माणूस हा खर्च लेखापालाच्या नजरेतूनही वाया गेलेला नसतो.

नोटिशीऐवजी दर जखमेमागे एक छोटी चौकशी हवी, जिच्यात परिसेविका, डॉक्टर, भांडारपाल आणि रात्रपाळीची मावशी एकत्र बसतील आणि एवढेच विचारतील, की या रुग्णाची पाठ पहिल्यांदा कोणी आणि कधी पाहिली, गादी मागितल्यापासून मिळेपर्यंत किती तास गेले, शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो किती वेळ होता, क्ष-किरण विभागाबाहेर किती वेळ. या प्रश्नांची उत्तरे मिळायची तर दाखल होतानाच पाठ तपासून 'त्वचा अखंड' किंवा 'माकडहाडावर इतक्या सेंटिमीटरची जखम, दुसरी पायरी' असे लिहिलेले असावे लागते; ती नोंद रुग्णाची असते तशी पहिल्या पाळीतल्या सिस्टरचीही ढाल असते. तीच ओळ घरी सोडतानाच्या कार्डावरही हवी. कार्डावर औषधे, पथ्य आणि पुढच्या तपासणीची तारीख असते, पाठीबद्दल बहुधा काही नसते. आणि अर्धांगवायूचा रुग्ण कुंभारीच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या छोट्या घरात किंवा अक्कलकोटजवळच्या वाडीवर परततो तेव्हा त्याची पाठ पुढे पाहायची ती आशाताईंनी आणि त्याच्या सुनेने. त्या दोघींना कार्ड वाचून कळायला हवे, की डावा खुबा जपायचा आहे, टाच अजून लाल आहे, आणि रुग्णालयात शेवटची कूस किती वाजता बदलली होती.